बेकारभत्ता, चुगली आणि 'काम' या शब्दाचा अर्थ

जॉर्ज ऑर्वेल १९३६ च्या आरंभी इंग्लंडच्या उत्तर भागात, खाणी आणि गिरण्यांच्या प्रदेशात, काही आठवडे राहिला. त्या वास्तव्यातून 'द रोड टू विगन पिअर' (१९३७) हे पुस्तक निर्माण झाले. त्यात बेकारभत्त्यावर जगणाऱ्या एका माणसाची हकीकत दोन-तीन वाक्यांत येऊन जाते. शेजारी परगावी गेलेला असताना हा माणूस त्याच्या कोंबड्यांना दाणे टाकीत होता. कोणीतरी ते पाहिले आणि कचेरीत जाऊन सांगितले, की या गृहस्थाला कोंबड्या सांभाळण्याची नोकरी लागली आहे. तसे काही नाही हे सिद्ध करता करता त्याच्या नाकी नऊ आले. याच प्रकरणात ऑर्वेल विगनमध्ये प्रचलित असलेला एक विनोदही नोंदवतो. सरपणाची वाहतूक करताना दिसला म्हणून एकाचा भत्ता नाकारला गेला. त्याला खुलासा करावा लागला, की साहेब, मी भाडे थकल्यामुळे रातोरात बिऱ्हाड हलवीत होतो आणि ज्याला आपण सरपण म्हणता ते माझ्या घरातले सामान होते.

या हकीकती विनोदी आहेत, पण त्यांतला प्रश्न विनोदी नाही. सरकारी मदतीवर जगणारा मनुष्य गुपचूप काम करून पैसे मिळवतो किंवा काय, हे शोधून काढण्यासाठी गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळ्या युक्त्या योजल्या गेल्या. त्या युक्त्यांचा इतिहास हा बहुधा प्रशासनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो वाचनाचा इतिहास म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे. दुसऱ्याच्या हातांची हालचाल पाहून तिला 'काम' हे नाव कोणी द्यायचे, कोणत्या आधारावर द्यायचे आणि ते नाव चुकीचे आहे हे सिद्ध करण्याचा भार कोणी वाहायचा, हे प्रश्न अर्थनिर्णयाचे आहेत. म्हणूनच ते साहित्याच्या अभ्यासकाला परके नाहीत.

१

सुरुवातीला शोध घेण्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था करण्याकडे कल होता. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांविषयीच्या जुन्या कायद्यात आमूलाग्र बदल झाला. त्यामागच्या आयोगाचा युक्तिवाद असा होता, की अर्जदार खरोखर गरजू आहे की नाही याची चौकशी करणे खर्चिक आणि बेभरवशाचे असते. चौकशी करणाऱ्याला फसवता येते. तेव्हा मदतच इतकी कष्टप्रद करावी, की ज्याला दुसरा कोणताही आधार आहे तो ती मागणारच नाही. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत हलक्या मजुराहूनही अनाकर्षक असावी, हे तत्त्व यातून आले. धट्ट्याकट्ट्या माणसाने मदत हवी असल्यास 'वर्कहाउस'मध्ये येऊन राहावे. तेथे कुटुंबाची ताटातूट होईल, अंगावर संस्थेचा पोशाख येईल आणि खडी फोडणे, जुने दोर उकलणे अशी कामे करावी लागतील. जो दिवसभर आमच्या डोळ्यांसमोर खडी फोडतो तो दुसरीकडे काम कधी करणार? येथे इमारत हीच गुप्तहेर होती.

हे तत्त्व समुद्र ओलांडून आपल्याकडेही आले. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारी मदत मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दुष्काळी काम हा होता. रस्ते, तलाव, खडी. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या प्रारंभी पुरस्कारलेल्या दरानुसार पुरुष मजुराला दिवसाला १ पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे मिळत. मदत पोटापुरती आणि कष्ट पुरेपूर, म्हणजे 'खोटे' गरजू आपोआप गळून पडतील, असा हिशेब. या दराविरुद्ध इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. कसोटी इतकी कठोर होती, की तिच्यात खोटे आणि खरे दोन्ही गळत होते.

पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी महाराष्ट्राने याच कल्पनेचा मानवी अवतार घडवला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकाराला आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यायचे, त्याची ऐपत विचारायची नाही. साहजिकच येथे लपवलेले काम शोधण्याचा प्रश्न उद्भवला नाही. त्याऐवजी उलटा प्रश्न उद्भवला. हजेरीपटावर खोटी नावे चढू लागली. युरोपात काम करून न केल्याचे सांगणारा माणूस कचेरीला शोधायचा होता. येथे न झालेल्या कामाचे कागद शोधायचे होते. आणि तो कागद मजूर लिहीत नव्हता. कोणत्या व्यवस्थेत कोणावर संशय घेतला जातो, हे त्या व्यवस्थेत लेखणी कोणाच्या हाती आहे यावरून ठरत नाही, ही विसंगती येथे ध्यानात घ्यावी. संशयाचा पहिला धनी बहुधा अंगठा उमटवणाराच असतो.

२

ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने बेकारीचा विमा सुरू झाला तेव्हा परिस्थिती तत्त्वतः बदलली. आता भत्ता हा दानधर्म राहिला नाही. कामगाराने, मालकाने आणि सरकारने भरलेल्या वर्गणीतून निर्माण झालेला तो हक्क होता. सुरुवातीला सुमारे साडेबावीस लाख कामगारांपुरती असलेली ही योजना १९२० मध्ये बहुसंख्य श्रमिकांना लागू झाली. भत्ता घेणाऱ्याने ठरलेल्या वेळी कचेरीत येऊन सही करावी, असा दंडक होता. त्या सहीत दोन अर्थ होते: मी कामाला तयार आहे, आणि या घटकेला मी दुसरीकडे कामावर नाही.

येथे एक गोष्ट निष्पक्षपणे सांगितली पाहिजे. पडताळणीची कल्पना काही सरकारने शोधून काढलेली नव्हती. कामगार संघटना स्वतःच्या निधीतून बेकार सभासदांना मदत देत, तेव्हा त्याही सभासदाला नोंदवहीत सही करायला लावीत. परस्पर साहाय्याच्या मंडळ्या आजारी सभासदाच्या घरी आपला माणूस पाठवीत, आणि तो नुसती विचारपूस करायला जात नसे. सामायिक निधी ज्यांच्या घामातून उभा राहिला त्यांना तो कोणी लुबाडू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. लबाडी करणारे होते, आजही असतात, हे नाकारण्यात काही पुरोगामीपणा नाही. परंतु मंडळीचा जो सभासद आज चौकशीला येई, तो उद्या स्वतः आजारी पडला तर त्याच्याही दारात कोणी तरी येणार असे. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची जागा बदलू शकत होती. कचेरीच्या काउंटरवर ती शक्यता संपली.

१९२१ पासून भत्ता मागणाऱ्याने आपण 'मनापासून काम शोधीत आहोत' हे सिद्ध करावे, अशी अट आली. काम आहे की नाही हा प्रश्न मागे पडून मन कसे आहे हा प्रश्न पुढे आला. अ‍ॅलन डीकन यांनी 'इन सर्च ऑफ द स्क्राउंजर' (१९७६) या ग्रंथात या अटीचा इतिहास तपशिलाने मांडला आहे. १९३० मध्ये ती रद्द होईपर्यंत तिच्याखाली सुमारे ३० लाख अर्ज नाकारले गेले. अर्जदार समितीपुढे उभा राहून काल कुठल्या कारखान्याच्या फाटकाशी गेलो, परवा कुठे गेलो, याचे निवेदन करी. ते पटले तर भत्ता मिळे. ज्याला सांगता येई तो तरे, मुखदुर्बळ बुडे.

इतिहासकार कॅरोलिन स्टीडमन यांनी इंग्लंडमधल्या गरिबांच्या अशा जबान्यांना 'सक्तीची कथने' म्हटले आहे. आत्मचरित्र हा प्रकार आत्मशोधातून जन्माला येतो असे आपण वर्गात शिकवतो. परंतु असंख्य गरिबांचे आत्मकथन हे कोणाच्या तरी प्रश्नांना दिलेले उत्तर असते. त्याचा पहिला वाचक हा अविश्वासू वाचक असतो, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते.

३

ऑगस्ट १९३१ मध्ये बेकारभत्त्यात दहा टक्के कपात करण्याच्या प्रश्नावरून रॅम्से मॅकडोनल्ड यांचे मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ कोसळले. त्यांच्याच नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय सरकारने कपात केली आणि नोव्हेंबरपासून 'मीन्स टेस्ट', म्हणजे ऐपतीची चाचणी, लागू केली. विम्याचा २६ आठवड्यांचा भत्ता संपला, की पुढच्या मदतीसाठी एकट्या अर्जदाराचे नव्हे तर त्याच्या अख्ख्या घराचे उत्पन्न मोजले जाई. मुलीचा गिरणीतला पगार, बापाचे वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन, बँकेतली शिल्लक, सगळे. ज्या स्थानिक समित्या हे काम करीत त्यांपैकी रॉदरहॅम आणि डरहॅम येथील समित्या फार उदार आहेत म्हणून १९३२ मध्ये सरकारने त्यांच्या जागी आपले आयुक्त बसवले.

या चाचणीने लपवलेल्या कामाच्या व्याख्येत मोठी भर घातली. आता माणसाने स्वतः काही लपवण्याची गरज उरली नाही. घरात कोणीही कमावत असेल तर ती कमाई त्याचीच मानली जाई. म्हाताऱ्या आईबापांना मुलाच्या घरातून निघून परक्याच्या खोलीत राहावे लागले, कारण त्यांच्या उपस्थितीने मुलाचा भत्ता कमी होई. हेही ऑर्वेलने नोंदवले आहे.

वॉल्टर ग्रीनवुड याची 'लव्ह ऑन द डोल' (१९३३) ही कादंबरी सॅल्फर्डच्या वस्तीत घडते. लेखक स्वतः तिथलाच आणि बेकारी भोगलेला. तिच्यातला हॅरी हार्डकॅसल उमेदवारी संपताच कारखान्याबाहेर पडतो, आणि घरात बाप व बहीण कमावतात म्हणून त्याचा भत्ता बंद होतो. परंतु या कादंबरीचा खरा घाव शेवटी आहे. बहीण सॅली ही सॅम ग्रंडी या श्रीमंत सट्टेवाल्याच्या घरी राहायला जाते आणि त्याच्या वशिल्याने बापाला व भावाला बस कंपनीत नोकऱ्या मिळतात. जी व्यवस्था पै-पैचा हिशेब मागत होती तिच्या कोणत्याही तक्त्यात या व्यवहारासाठी रकाना नाही. इतकी बारीक चौकशी चालू असताना घरातला सर्वांत महागडा व्यवहार कोणाच्या नजरेस येत नाही, हे ग्रीनवुडने कुठेही भाष्य न करता दाखवले आहे.

१९३६ मध्ये या कथेवर चित्रपट काढायला ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने अनुकूलता दाखवली नाही. तो १९४१ साली निघाला. योगायोग असा, की घरगुती उत्पन्नाची ती चाचणीही १९४१ च्याच कायद्याने रद्द झाली.

४

आता इंग्लंडबाहेर, ऑस्ट्रियात जाऊ. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या वसाहतीत कापडाची एकच मोठी गिरणी होती. १९२९-३० मध्ये ती बंद पडली आणि ४७८ कुटुंबांची ही वसाहत जवळजवळ संपूर्ण बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१-३२ च्या हिवाळ्यात तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये पुस्तकरूपाने आला. समाजशास्त्रात तो अभिजात मानला जातो, आणि गद्य म्हणूनही तो वाचण्याजोगा आहे.

मारिएनथालमध्ये भत्ता घेणाऱ्याला कसलेही किरकोळ काम करण्याची मुभा नव्हती. जळाऊ लाकडांच्या मोबदल्यात झाडे तोडायला मदत केली म्हणून एकाचा भत्ता गेला. घरोघर दूध पोचवून मुलांसाठी थोडे दूध घेणाऱ्या बाईचा गेला. माउथ ऑर्गन वाजवून चार पैसे मिळवणाऱ्याचाही गेला. पाठोपाठ निनावी चुगल्या आल्या. संशोधकांनी त्यांचाही हिशेब ठेवला. बेकारी लांबत गेली तशी चुगल्यांची संख्या वाढली, मात्र खऱ्या ठरणाऱ्या चुगल्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. म्हणजे लपवलेले काम वाढले नव्हते. शेजाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती.

याच पुस्तकात दुसरे एक निरीक्षण आहे आणि ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. बेकार पुरुषांनी आपल्या दिवसाचे तक्ते भरून दिले तेव्हा त्यांत तासच्या तास रिकामे निघाले. सकाळी उठलो, मुलांना शाळेत पाठवले, मग दुपार झाली. मधल्या वेळात काय केले ते आठवत नाही. ते रस्त्याने संथ चालत, वाटेत थांबत. कचेरीला शंका होती, की हा माणूस आपला वेळ चोरून विकत असावा. वस्तुस्थिती अशी होती, की त्याच्याकडे विकण्याजोगा वेळ उरलाच नव्हता. वेळच विस्कटून गेला होता. बायका मात्र भरभर चालत. त्यांना स्वयंपाक, धुणे, शिवण, मुले यांतून उसंत नव्हती. त्याही गिरणीतून कमी झाल्या होत्या, म्हणून कागदोपत्री बेकार होत्या. या दिवसभराच्या राबण्याला 'काम' म्हणायला कोणी तयार नव्हते.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. 'काम' या शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी चलनात होते आणि दोन्ही गरिबाच्या विरुद्ध वापरले जात. मोबदला किंवा हक्क मागायचा असेल तेव्हा शब्दाचा अर्थ आकसतो: नोंदलेली, पगारी नोकरी म्हणजेच काम. भत्ता कापायचा असेल तेव्हा तोच अर्थ पसरतो: शेजाऱ्याच्या कोंबड्यांना टाकलेले दाणे, ओढलेले सामान, वाजवलेली तान, सगळेच काम. मग लपवलेले काम सापडते, पण पुष्कळदा ते शोधणाऱ्याच्या शब्दकोशात असते. आणि या पसरलेल्या अर्थाची पहिली झळ पोचते ती शेजारधर्माला. जो हात दुसऱ्याला मदत करताना दिसला तर पुरावा ठरतो, तो हळूहळू मदत करीनासा होतो.

मारिएनथालच्या संशोधकांचीही गोष्ट गुंतागुंतीची आहे. लोकांच्या चालण्याचा वेग त्यांनी खिडकीआड उभे राहून, हातात घड्याळ घेऊन मोजला. घरांत शिरकाव व्हावा म्हणून कपडेवाटप आणि वैद्यकीय तपासणी हे उपक्रम उघडले. म्हणजे त्यांनीही नकळत पाहिलेच. फरक एवढा, की आपल्यापैकी कोणीही नुसता प्रेक्षक म्हणून तेथे राहणार नाही, वसाहतीला उपयोगी पडेल असे काही प्रत्येकाने केले पाहिजे, हा दंडक त्यांनी घालून घेतला होता. आणि पाहिलेल्याचा उपयोग कोणाचा भत्ता बंद करण्यासाठी झाला नाही. पाहणे टळत नाही. पाहून काय करायचे हे मात्र ठरवता येते.

५

चुगलीचे पुढे यांत्रिकीकरण झाले. ब्रिटनमध्ये १९९६ साली भत्त्यातील लबाडी निनावी कळवण्यासाठी देशव्यापी दूरध्वनी सेवा सुरू झाली. आणि अलीकडे शेजाऱ्याचीही गरज राहिली नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०१९ या काळात राबवली गेलेली 'रोबोडेट' या नावाने कुप्रसिद्ध झालेली योजना हे त्याचे उदाहरण. तेथे भत्ता घेणाऱ्याने दर पंधरवड्याची कमाई कळवायची असते. प्राप्तिकर खात्याकडे मात्र वर्षाचा आकडा असतो. संगणकाने वर्षाच्या आकड्याला २६ ने भागले आणि येणारी सरासरी हीच प्रत्येक पंधरवड्याची कमाई धरली. समजा, एखाद्याने सहा महिने नोकरी करून २६,००० डॉलर मिळवले आणि उरलेले सहा महिने बेकार राहून भत्ता घेतला. यंत्राच्या हिशेबी तो वर्षभर दर पंधरवड्याला १,००० डॉलर कमावीत होता, म्हणजे भत्ता घेतानाही कमाई लपवीत होता. तसे नाही हे त्याने कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारचिठ्ठ्या काढून सिद्ध करायचे, नाही तर कर्ज फेडायचे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केवळ सरासरीवर आधारलेली अशी वसुली बेकायदा असल्याचे सरकारने न्यायालयात मान्य केले. मे २०२० मध्ये सुमारे ४,७०,००० कर्जांपोटी ७२ कोटी १० लाख डॉलर परत करण्याची घोषणा झाली. कॅथरिन होम्स यांच्या आयोगाने जुलै २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात या योजनेचे क्रौर्य आणि बेकायदेशीरपणा दोन्ही नोंदवले. आयोगापुढे ज्यांच्या साक्षी झाल्या त्यांत आत्महत्या केलेल्या तरुणांच्या माताही होत्या.

१९३१ च्या चाचणीने घरातल्या सर्वांची मिळकत एकाच्या नावावर मांडली. २०१५ च्या यंत्राने वर्षातले सर्व दिवस एकसारखे मांडले. दोन्हीकडे गुन्हा हिशेबाच्या रीतीतून निपजला. सरासरीला हंगाम कळत नाही. गरिबाचे आयुष्य मात्र हंगामाचेच असते: काम असते तेव्हा असते, नसते तेव्हा नसते. आपल्याकडच्या कोणत्याही ऊसतोड मजुराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग तपासच करू नये काय? तसे म्हणणे नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब असलाच पाहिजे. प्रश्न तपासाचा नसून सिद्धतेच्या भाराचा आहे. खडी फोडणारा हात, समितीपुढचे निवेदन, शेजाऱ्याची चिठ्ठी, संगणकाची सरासरी, या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे: आरोप करणाऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही. ज्याच्याजवळ कागद, वेळ आणि भाषा सर्वांत कमी, त्यानेच नकाराचा पुरावा आणायचा. एखादी गोष्ट आपण केली नाही हे सिद्ध करणे तर्कदृष्ट्या किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको.

साहित्याच्या वर्गात गेली काही दशके आपण संशयाने वाचायला शिकवीत आलो आहोत. मजकुरामागे काय दडले आहे ते शोधा, निवेदकावर विश्वास ठेवू नका. ही शिकवण मोलाची आहे, कारण ती सत्तेच्या मजकुराविरुद्ध वापरायची होती. परंतु बेकारांच्या जबान्या, चौकशीचे कागद, निनावी चिठ्ठ्या हे दस्तऐवज हाती घेताना आपण नकळत चौकशी अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसतो, कारण ते कागद त्याच खुर्चीकडे तोंड करून लिहिलेले आहेत. तेथे पहिला संशय अर्जदाराच्या उत्तरावर न घेता त्याला विचारलेल्या प्रश्नावर घ्यायला हवा: येथे 'काम' कशाला म्हटले आहे, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाला होता?